पान कधी तोडायचं?

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रामटेकजवळच्या नगरधनची एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. बी.ए.चा निकाल नुकताच लागला होता. इतिहासात ती वर्गात पहिली होती. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व या विषयात एम.ए. करायचं तिच्या मनात होतं, अर्ज भरायला आठच दिवस उरले होते आणि घरात रोज त्यावरून बोलणं चाललं होतं. मुलगी बोलत होती, आई ऐकत होती. चहा झाल्यावर आई म्हणाली, "मॅडम, शिकवाले माई ना नाई. पण तुमी खरं सांगा, किती वर्षं?"

हाच प्रश्न अठरा वर्षांपूर्वी माझ्या बाबांनी विचारला होता. आमचा रामटेकला पानमळा होता, कपुरी पानाचा. आमच्या मळ्यात वेल लावल्यावर पहिलं पान तोडायला वर्षभर थांबावं लागे. तोवर पाणी द्यायचं, सावली धरायची, वेल बांधत राहायचं आणि पैसा फक्त जात राहायचा. मी एम.ए. करते म्हटल्यावर बाबांनी नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "पान कधी तोडायचं?" मी त्यांना काहीतरी मोघम सांगितलं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. ज्या शिक्षकांना विचारलं त्यांनी अभ्यास कर, सगळं होतं, असं सांगितलं. बाबांना त्यांच्या हयातीत या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही, याची बोच मला आजही आहे.

म्हणून त्या दिवशी मी आत गेले आणि माझं पासबुक आणून त्या माउलीच्या हातात दिलं. एम.ए. झालं, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा तिसऱ्या प्रयत्नात निघाली, पीएच.डी.ला सहा वर्षं लागली, आणि आज मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या वर्षी जुलै ते मार्च शिकवलं. मानधन जमा झाल्याच्या नोंदी दोनच आहेत, एक डिसेंबरातली, एक मे महिन्यातली. दिवाळीची सुटी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा, यातल्या कशाचेही पैसे नाहीत. तापाने आठ दिवस पडून राहिले, त्याचे तर नाहीतच. मुलीची आई बचत गटाचा हिशेब ठेवते. तिने पासबुकाची पानं मागेपुढे करून पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे बाकीचे महिने कोरेच."

कोरेच. ते मुलीसमोर बोललं गेलं हे बरं झालं. आपल्याकडे मानव्यविद्यांकडे वळणाऱ्या मुलांना सल्ला देणारे पुष्कळ असतात. नातेवाईक बी.एड.चा, नर्सिंगचा किंवा तलाठी भरतीचा मार्ग दाखवतात आणि आम्ही शिकवणारी माणसं ज्ञानाचं मोल सांगतो. आपापल्या जागी दोघांचंही खरं असेल. पण माझ्या मते, गरिबाघरच्या मुलीला एम.ए. कर असं सांगणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आधी आपल्या मिळकतीचा कागद तिच्यासमोर ठेवला पाहिजे. ज्याला कायमची नोकरी १९९५ साली लागली त्याने तेही सांगावं, कारण त्याची वाट आणि आज निघालेल्या मुलीची वाट एक नाही.

पासबुक दाखवूनही मी तिला हो म्हटलं. त्या होकारामागची कारणं मला मांडायची आहेत.

रामटेकच्या गडावर जाताना केवल नरसिंहाचं मंदिर लागतं. लहानपणापासून आम्ही तिथे नमस्कार करून पुढे जात आलो. त्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातला एक संस्कृत शिलालेख आहे, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो गिलाव्याखाली झाकलेला होता. वासुदेव विष्णु मिराशी कोकणातून नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि शिलालेखांकडे वळले. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे त्यांनी साधार मांडलं. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९६३ मध्ये निघाला. त्या ग्रंथात केवल नरसिंहाचा हा लेख नाही, कारण तेव्हा तो कुणाला दिसलाच नव्हता. गिलावा निघाला तेव्हा मिराशी नव्वदीच्या आसपास होते. पुढे अरविंद जामखेडकरांनी त्याकडे लक्ष वेधलं, आणि १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातले हान्स बाकर यांनी हरुनागा आयझॅक्सन यांच्यासोबत त्याचं सविस्तर वाचन प्रसिद्ध केलं. लेख फार झिजलेला आहे. जेवढं वाचता येतं त्यावरून या दोघांनी असा अर्थ लावला की प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीच्या पुण्यासाठी तिच्या मुलीने हे मंदिर उभारलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. आईच्या नावाने मुलीने बांधलेल्या देवळासमोरून मी वीस वर्षं ये-जा केली होती आणि मला ते एका डच अभ्यासकाच्या निबंधातून कळलं. बाकरांचे उपकार आहेत, ते मी मानते. पण त्याच क्षणी माझ्या मनात आलं की हे वाचता येणारं माणूस रामटेकातही असायला हवं.

प्रभावतीगुप्ता म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलं लहान असताना तिने इथून राज्य चालवलं. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, त्या मुलीचं गाव. तिचा एक ताम्रपट रिद्धपूरला सापडला, तोही महानुभावांच्या मठात जपलेला. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, आणि महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेला, हे लीळाचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कुठूनही धागा ओढा, तो या टेकडीपाशी येतो. २०१५ ते २०१८ या काळात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केलं, त्यात प्रभावतीगुप्तेचं नाव असलेली मातीची मुद्रा मिळाली.

हे मी सांगत असताना मुलीची आई पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. त्या खोदकामावर ती एक हंगाम रोजीनं जात होती. घमेल्याने माती उचलायची, चाळणीपाशी नेऊन टाकायची. "आधी मले सारी खापरं सारखीच वाटे," ती म्हणाली. "मंग नजर बसली. हे ठेवाचं, हे फेकाचं, ते समजू लागलं." शाळेतून आलेली मुलगी खड्ड्याच्या कडेला बसून राहायची. या पोरीला पुरातत्त्व का घ्यायचं आहे, हा प्रश्न मला त्यानंतर पडला नाही.

आता सरकारकडे येते. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली. त्यातले पुष्कळ कागद मोडीत होते, काही उर्दूत आणि फारसीत. जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला आणि ते किती थोडे उरलेत हे सगळ्यांना कळलं. लाखो कुटुंबांचा प्रश्न अडला होता आणि तो सोडवायला लागणारी विद्या विद्यापीठाच्या एखाद्या कोपऱ्यात, चार-सहा विद्यार्थ्यांच्या वर्गात शिकवली जात होती. त्याच वर्षी डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, सारथी या सरकारी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीवर चर्चा चालू असताना सरकारच्या बाजूने सवाल आला की ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत. मी तेव्हा नुकतीच प्रबंधाच्या कामातून मोकळी झाले होते. आमच्या घरी तो शब्द आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर ऐकला. आई काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. मला राग आला तो माझ्यासाठी नव्हता. तीन महिन्यांपूर्वी ज्यांच्याशिवाय सरकारचं पान हलत नव्हतं, ती माणसं एम.ए.-पीएच.डी.च्या वर्गांतूनही तयार होतात. पुरेशी माणसं हवी असतील तर दहा-पंधरा वर्षं आधी त्यांना पोसावं लागतं.

आणि पोसण्याची पद्धत कशी आहे पाहा. विद्यापीठांच्या विभागांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची करायचं २०१८ मध्ये ठरलं. २०२१ ची मुदत २०२३ वर गेली आणि जुलै २०२३ मध्ये सक्तीच काढून टाकली. मधल्या पाच वर्षांत किती मुलांनी त्या एका नियमापायी घाईने विषय घेतले, मार्गदर्शक मिळेल त्या ठिकाणी नाव नोंदवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. १८ जून २०२४ ला नेटची परीक्षा झाली, नऊ लाखांहून अधिक मुलांनी दिली, दुसऱ्या दिवशी रद्द झाली. माझा एक विद्यार्थी आदल्या रात्री नागपुरात मावशीकडे मुक्कामाला होता. पेपर चांगला गेला म्हणून त्याने रामटेकला परतताना बसस्टँडवरून पेढे आणले होते. ऑगस्ट-सप्टेंबरात फेरपरीक्षा झाली तेव्हा तो गेलाच नाही. तोवर त्याने मनसरला एका दुकानात काम धरलं होतं.

मानव्यविद्या ही खात्यापित्या घरच्या मुलांनी करायची गोष्ट आहे, असं आता उघड बोललं जातं. हे मला मुळीच मान्य नाही. तसं झालं तर नगरधनच्या मातीचा अर्थ ज्यांना चार वर्षं बिनपगारी बसणं परवडतं तेच लावतील, आणि घमेलं उचलणारी घरं पिढ्यान् पिढ्या घमेलंच उचलतील. पण म्हणून अशा घरातल्या पोरीला आंधळेपणाने पुढे ढकलायचा अधिकारही मला नाही. या दोन्ही गोष्टी मनात धरूनच मी तिच्याशी बोलले.

मी सांगितलं, एम.ए. कर, पण कर्ज काढून करू नकोस. नागपूर पन्नास किलोमीटरच्या आत आहे, बसला बायकांना अर्धं तिकीट आहे, इतवारीची गाडी आहे. पहिल्या वर्षी खोली घेऊ नकोस, जाऊन-येऊन कर. पहिल्याच दिवसापासून एक असं कौशल्य हातात घे ज्याचे पैसे मिळतात. ब्राह्मी शीक, मोडी शीक, संस्कृत कच्चं आहे ते पक्कं कर. संस्कृतसाठी तर लांब जायला नको, कवि कुलगुरु कालिदास संस्कृत विद्यापीठ १९९७ पासून आपल्या रामटेकातच आहे. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात जाऊन ताम्रपट आणि नाणी बघत बस, विद्यार्थी म्हणून ओळख काढ. दुसऱ्या वर्षापासून नेटला बैस. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, मग पीएच.डी.ला ये, मी स्वतः तुला विद्यापीठात घेऊन जाईन. ती किंवा सारथी, महाज्योती, बार्टी यांच्यापैकी तुला लागू असेल ती मदत मिळाली नाही, तर पीएच.डी.ला नाव नोंदवू नकोस. आधी नोकरी बघ. मी पोटाला चिमटा काढून ती सहा वर्षं काढली. माझा प्रबंध चांगला झाला, तरीही तुला तसं कर म्हणणार नाही.

प्राध्यापक होण्याच्या आशेवर मात्र काहीच उभं करू नकोस, हे मी तिला दोनदा सांगितलं. जागा रिकाम्या आहेत, वर्ग भरलेले आहेत आणि शिकवायला आमच्यासारखे तासावरचे लोक आहेत. भरतीची परवानगी येते, थांबते, पुन्हा येते. सरकारला मानव्यविद्या जगवायच्या असतील तर मोठ्या घोषणांची गरज नाही. तासिका तत्त्वाचं मानधन दर महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या, आणि पुढच्या पाच वर्षांत कोणत्या विषयाच्या किती जागा भरणार ते आज छापून जाहीर करा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही रामटेकातही आनंद केला. त्या दर्जाचा आधार असलेले जुने ग्रंथ आणि लेख उद्या कोण वाचणार आहे, त्यांच्या पगाराची तरतूद कुठे आहे, हे विचारणं त्या आनंदाचाच भाग आहे.

मुलगी सगळं वहीत लिहून घेत होती. आईने मध्येच थांबवलं. तिला अजून तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. मग आम्ही तिघींनी बसून हिशेब केला. एम.ए.ची दोन वर्षं. नेट वर्षातून दोनदा होते, म्हणून एम.ए.नंतरची आणखी दोन वर्षं, म्हणजे चार प्रयत्न, राज्याची सेट परीक्षा त्यातच. त्यानंतर कुठल्याही परिस्थितीत थांबायचं आणि मिळेल ते काम धरायचं. जून ते जून, चार वर्षं.

"म्हणजे गटाचे अठ्ठेचाळीस हप्ते," आई म्हणाली. तिने मुलीच्या हातातून पेन घेतलं आणि वहीच्या पहिल्या पानावर, अर्जाच्या तारखेखाली, तो आकडा स्वतः लिहिला.