चाचांचं अरबस्तान

मंगरुळपीरच्या लग्नात चाचांनी पुन्हा तेच सुनावलं, आपलं खानदान अरबस्तानातून आलं. कागद विचारला तर म्हणे, "बुजुर्गांकडून ऐकलंय."

कागद मला सापडलाय. दादांच्या, म्हणजे चाचांच्याच वडिलांच्या, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जात लिहिलीय पिंजारी. वऱ्हाडचा कापूस पिंजणारी माणसं आपण.

चाचांचं बोलणं तरी ऐका. "नक्को", "अभीच आता". नको मराठी, च मराठी. तोंड उघडलं की अर्धं खानदान बाहेर पडतं! पण मिसळ म्हणजे खोट, हे डोक्यात घट्ट बसलेलं. अहो, १४९० मध्ये वऱ्हाडची इमादशाही स्थापणारा फतहउल्ला इमादुल्मुल्क जन्माने कानडी हिंदू होता. निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्यांच्यापेक्षा आपली इज्जत मोठी आहे का?

नुसती बढाई असती तर सोडून दिलं असतं. पण "तुम्ही बाहेरचे" म्हणणाऱ्यांना आयता पुरावा चाचाच देतात. आणि याच हौसेपायी पोरांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात शेख, खान, नाहीतर नुसतं मुसलमान. पिंजारी ओबीसीच्या यादीत आहे, पण पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तेव्हा अरबस्तान काय कामाचं?

पुतणीच्या अर्जाला दादांच्या रजिस्टरची नक्कल जोडलीय. चाचांनी माझा सलाम घेणं बंद केलंय.