दरवाजा आणि दरवानाची वही

मागच्या आठवड्यात आमच्या शिक्षण संस्थेच्या कार्यालयात नवीन गेटवे बसवला. बसवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. भिंतीवर पांढरा डबा अडकवला, वायरी खोचल्या, मांडीवर लॅपटॉप घेऊन भराभर काहीतरी भरत गेला आणि मान वर न करता म्हणाला, "सर, लॉग चालू ठेवू ना?" चहावाला पोऱ्या 'साखर घालू ना' विचारतो, तितक्या सहज.

मी म्हटलं, "थांब जरा."

तो थांबला. म्हातारबुवांना शब्द कळला नाही, असं त्याला वाटलं असावं. शब्द मला चांगला ठाऊक होता. २०१० साली त्याच शब्दानं माझी झोप उडवली होती.

मी २००९ साली शाळेतून निवृत्त झालो आणि लगेच संस्थेचा मानद कार्यवाह झालो. मानद म्हणजे काम पूर्ण आणि पगार शून्य. कार्यालयात सात संगणक आणि ब्रॉडबँडची एकच जोडणी, तीही फक्त हिशेबनिसांच्या टेबलावर. कुणाला शासन निर्णय उतरवून घ्यायचा असला की हिशेबनीस उठायचे, दुसरा बसायचा, मग पेन ड्राइव्ह घेऊन आपल्या जागी जायचा. त्या पेन ड्राइव्हमधून विषाणूही सातही टेबलांवर नेमाने जाऊन यायचे. शेवटी माझ्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावलं. तो म्हणाला, "सर, नवीन काही घेऊ नका. अडगळीतला तो जुना संगणक द्या."

त्यानं त्यात दोन नेटवर्क कार्डं बसवली. एका कार्डाची वायर मोडेमकडे, दुसऱ्याची आठ तोंडांच्या स्विचकडे, आणि स्विचमधून सात टेबलांना सात वायरी. वर लिनक्स आणि स्क्विड नावाचं सॉफ्टवेअर घातलं, दोन्ही फुकट. खर्च झाला तो वायरींचा आणि चहाचा. मग त्यानं मला वाड्याच्या भाषेत समजावलं, कारण तो वाड्यातच वाढलेला. वाड्याला बिऱ्हाडं सात, पण पोस्टाचा पत्ता एकच. आतल्या खोल्यांचे नंबर पोस्टमनला माहीत नसतात आणि असायची गरजही नसते. दारात एक दरवान बसवायचा. कुठल्या बिऱ्हाडानं कोणाला पत्र टाकलं हे तो ध्यानात ठेवतो, आणि उत्तर आलं की बरोबर त्या बिऱ्हाडाच्या हातात देतो. हा दरवान म्हणजे गेटवे. आतल्या खोल्यांचे नंबर १९२.१६८ नं सुरू होणारे, खाजगी वापरासाठीच राखून ठेवलेले. तुमच्या घरीही बहुधा तेच असतील आणि माझ्याही. बाहेर ते चालत नाहीत, म्हणून भांडण नाही.

ही सोय का निघाली तेही सांगण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते आहेतच मुळी सुमारे ४२९ कोटी. म्हणजे माणशी एकसुद्धा नाही! जागतिक पातळीवरचा शिल्लक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. एका पत्त्याआड सगळं कार्यालय दडवण्याची ही युक्ती नसती तर आपली पंचाईत कितीतरी आधी झाली असती. आता नवे, लांबलचक पत्ते आले आहेत, पण जुना वाडा अजून नांदता आहे.

असो. आता त्या वहीबद्दल.

दरवान ध्यानात ठेवतो, ते पत्र पोचेपर्यंतच. तेवढं त्याला ठेवावंच लागतं. पण स्क्विडकडे आणखी एक वही होती. कोणत्या संगणकानं कोणत्या क्षणी कोणतं पान मागवलं, त्याची एकेक ओळ तो लिहून ठेवायचा. वेळ तर अशी लिहायचा की १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले! मला ते वाचून हसू आलं होतं. ही वही आपोआप चालू होती. ती हवी का, असं आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तेव्हाच्या जोडणीला महिन्याची मर्यादा असायची. तिसऱ्या महिन्यात पंधरा तारखेलाच मर्यादा संपली. अध्यक्ष भडकले. "कार्यालयात सिनेमे बघतात लेकाचे! सर, यादी काढा. कोण काय बघतो ते मला कळलंच पाहिजे." मी विद्यार्थ्याला सांगून छापील कागद काढवले. चाळीसेक पानं निघाली. संध्याकाळी घरी लाल पेन घेऊन बसलो, पेपर तपासायला बसावं तसा. सवय हो, दुसरं काय!

दोन तासांत उलगडा झाला. मर्यादा खाल्ली होती संगणकांनीच. विंडोजच्या आणि अँटिव्हायरसच्या त्याच त्या दुरुस्त्या सातही यंत्रं वेगवेगळ्या उतरवून घेत होती. सिनेमा कुणीच बघत नव्हतं. इथं मी पेन खाली ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. उरलेली पानंही वाचली.

आमच्या कार्यालयात एक लेखनिक बाई होत्या. पती जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, पदरात दोन मुलं. त्यांच्या टेबलाच्या नंबरापुढे, रोज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, एका विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळाची पानं होती. तेव्हा बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर उघडाच जायचा, त्यामुळे नुसतं नाव नव्हे, पानाचा पूर्ण पत्ता वहीत उतरायचा. पुनर्विवाह हा शब्द त्यात इंग्रजी अक्षरांत स्पष्ट लिहिलेला होता.

तालुक्याचा गाव. आपल्याकडे विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा, पण गावातल्या ओट्यावर तो अजून पोचलेला नाही. ते कागद अध्यक्षांच्या टेबलावर गेले असते तर दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत चर्चा असती. मी अध्यक्षांना दुरुस्त्यांची हकीकत तेवढी सांगितली आणि कागद पहाटे बंबात घातले. विद्यार्थ्याकडून वहीही बंद करवली.

इथपर्यंत मी चांगला वागलो असं तुम्ही म्हणाल. पण मला तर कळलं होतं ना! पुढे दोन वर्षं त्या बाई फाईल घेऊन समोर आल्या की मला ते आठवायचं. एकदा त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तेव्हा 'आज बघायला जात असतील' असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. २०१२ साली त्यांचं खरंच ठरलं. पेढे घेऊन आल्या. "अरे वा, अभिनंदन! अगदीच अचानक?" असं मी म्हणालो. छत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि पेढा तोंडात धरून हे नाटक केलं.

म्हणून माझं ठाम मत झालं आहे की गेटवेची जोडणी तंत्रज्ञानं करावी, पण वहीत काय लिहायचं हे त्याच्यावर सोडू नये. आमच्याकडे बाकावर कुठला रंग द्यायचा यासाठी सभा होते आणि याच्यासाठी होत नाही.

वही नकोच, असंही मी म्हणत नाही. बाहेरचा पत्ता सगळ्यांचा एक. उद्या आमच्या कार्यालयातून कुणी धमकीची मेल पाठवली तर पोलीस वाड्याच्या दारात येणार, खोलीच्या नाही. तेव्हा कोणत्या तारखेला कोणता आतला नंबर कोणत्या यंत्राकडे होता, एवढं काही दिवस ठेवावं. कोणत्या यंत्रानं महिन्यात किती माल ओढला, तेही ठेवावं. माझ्या त्या चाळीस पानांतून कामाचं निघालं ते एवढंच होतं, आणि त्याला अर्धं पान पुरलं असतं. कुठं गेला, काय वाचलं, हे लिहू नये. धोक्याची संकेतस्थळं अडवायची तर खुशाल अडवावी. दार बंद करणं वेगळं आणि मागोमाग जाणं वेगळं.

तो मुलगा मला म्हणाला, "सर, आता सगळं एचटीटीपीएस आहे. पान दिसत नाही, फक्त साइटचं नाव दिसतं." खरं आहे. पण त्या बाईंच्या बाबतीत नुसतं नावच पुरेसं होतं. दवाखान्याचं नाव, नोकरी शोधायच्या साइटचं नाव, दारू सोडवणाऱ्यांचं नाव. आत काय बोलणं झालं हे कळायची गरज कोणाला असते?

शिवाय डब्याचा पासवर्ड. त्यानं तो 'अॅडमिन'च ठेवला होता, म्हणजे कुलूप लावून किल्ली कुलपातच. बदलून घेतला, पाकिटात घालून मोहोरबंद केला आणि तिजोरीत ठेवला. पाहुण्यांचं वायफाय हिशेबाच्या संगणकांपासून वेगळं करून घेतलं. हे त्यानं पाच मिनिटांत केलं. सांगणारा कुणी भेटला नव्हता इतकंच.

रविवारी कार्यकारी मंडळापुढे विषय मांडला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, हेही सांगितलं. काय ठेवणार, किती दिवस, कोण बघणार, हे लिहून फलकावर लावावं, एवढीच माझी सूचना. दोघांनी माना डोलावल्या. एक तरुण सदस्य, तेही माझेच विद्यार्थी, हसत म्हणाले, "पण सर, तुम्हाला एवढं काय लपवायचंय?"

उत्तर माझ्याकडे होतं. पण ते त्या बाईंचं होतं, म्हणून मी पाणी प्यायलो. विषय पुढच्या सभेवर गेला आहे. तोवर वही बंद आहे.