सीडीचा खण नाही म्हणून रेडियमचं मशीन मोडीत काढू नका

कापसाची वेचणी सुरू झाली की आपल्या बंड्या आणि ट्रॉल्या हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या बाजाराकडे निघतात. अंधारात मागून येणाऱ्याला त्या दिसतात त्या रेडियममुळे. ते रेडियम, ग्रामपंचायतीचा फलक, सारं तालुक्याच्या गावातल्या कटिंग मशीनवर कापलं जातं. बऱ्याच ठिकाणी ते मशीन गावच्याच एखाद्या पोराने कर्ज काढून घेतलेलं असतं.

अडचण अशी की मशीन ठणठणीत, पण त्याचा प्रोग्रॅम जुन्या सीडीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून नवे संगणक घेतले जात आहेत. त्यांना बहुधा सीडीचा खणच नसतो. मग 'नवं मशीन घ्या' असा सल्ला मिळतो. घाई करू नका.

खण असलेला जुना संगणक शोधा. स्वतः विकत घेतलेल्या सीडीतल्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घ्या आणि नव्या संगणकावर तिथूनच सेटअप चालवा. प्रोग्रॅम सीडीच मागत असेल, तर सीडीची 'आयएसओ' फाइल करा. विंडोज ८ पासून पुढे ती दोनदा क्लिक करताच उघडते. यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्हही चालतो. सीडीचा नंबर मात्र वहीत लिहून ठेवा, डबीवरचा कागद उडून जातो.

तरी अडलं तर कारण बहुधा दुसरं असतं. विंडोज ९५ च्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम आजच्या ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत. तिथे जुना संगणकच इंटरनेट न जोडता फक्त कटिंगसाठी ठेवावा. नऊ पिनांची केबल असेल तर यूएसबी कन्व्हर्टर लागतो. काही मशीनना इंकस्केप हा मोफत प्रोग्रॅमही चालतो, विचारून पाहा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. कार्यालयातला जुना संगणक निर्लेखित करण्याआधी गावातल्या पोरांना सीड्या उतरवून घेऊ द्या. फलकाचं डिझाइन मागून घ्या, पण अक्षरं 'कर्व्ह' करून. नाहीतर दुसरीकडे तो फॉन्ट नसला की मराठीचा भुगा होतो.

बियाणं पेरणीच्या दिवशी शोधत नाहीत. सीडीही चालते आहे तोवरच उतरवून घ्या.