पत्त्यावर नाव नसलेला विनोद

केरी म्हटलं की बेळगावच्या माणसाला चोर्ला घाट उतरल्यावर लागणारं सत्तरीतलं केरी आठवतं. मी आज सांगणार आहे ते दुसरं केरी. पेडणे तालुक्याच्या अगदी उत्तरेला, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथलं. सुरूचं बन, फेरीबोटीचा धक्का आणि पलीकडे तेरेखोलचा किल्ला. शेजारीच हरमल. तिथे काही पाट्या हिब्रूतही दिसतात. इस्रायलमध्ये बहुतेक मुलामुलींना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. ती संपली की त्यातले पुष्कळजण पाठीवर पिशवी टाकून भारतात येतात, म्हणून या पाट्या.

माझी आतेबहीण केरीत राहते. हंगामात घरामागच्या दोन खोल्या ती भाड्याने देते. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे एक इस्रायली गृहस्थ उतरले होते. पन्नाशी उलटलेले, संगणकाच्या कामात आयुष्य गेलेले. त्यांचं नाव इथे नको. बहीण त्यांना ‘बाब’ म्हणायची, आपणही तेच म्हणू. एका संध्याकाळी चहा घेताना बाबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. नको असलेल्या ईमेलचा ढीग होता. कर्ज घ्या, गोळ्या घ्या, लॉटरी लागली, परदेशातल्या श्रीमंत विधवेचे पैसे सांभाळा.

“यातलं एकही पत्र लिहिताना कुणाला माझी आठवण झालेली नाही,” ते म्हणाले. “देशांवरचे विनोदही मला असेच वाटतात.”

मला आधी या दोन गोष्टींचा संबंध लागेना. मग त्यांनी ‘स्पॅम’ या शब्दाची जन्मकथा सांगितली. स्पॅम हे मुळात डबाबंद मांस. अमेरिकेत १९३७ साली ते बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये खाण्यापिण्याचे हाल असताना लोकांनी ते इतकं खाल्लं की त्याचा वीट आला. पुढे १९७० साली बीबीसीवरच्या ‘माँटी पायथन’ या विनोदी कार्यक्रमात एक प्रसंग दाखवला गेला. उपाहारगृहातल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम आहे, आणि बाजूच्या टेबलांवर बसलेली मंडळी ‘स्पॅम, स्पॅम’ असं एवढ्या मोठ्याने गात सुटतात की कुणाला बोलताच येत नाही. संगणकावर नको तो मजकूर येऊन कामाचं बोलणं बुडायला लागलं, तेव्हा लोकांना हाच प्रसंग आठवला आणि नाव चिकटलं. असं पहिलं जाहिरातपत्र त्याच्याही आधी, ३ मे १९७८ रोजी, एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकदम पाठवलं होतं. म्हणजे जंक मेलला नाव दिलं ते विनोदानेच.

पण हे देणंघेणं एका बाजूचं राहिलं नाही. जंक मेलनेही विनोदाला एक पात्र दिलं. नायजेरियाचा राजपुत्र! कोट्यवधी डॉलर अडकलेत, तुमच्या खात्यातून काढून द्या, निम्मे तुमचे, फक्त आधी थोडी फी भरा. ही युक्ती काही नायजेरियाची नव्हे. एकोणिसाव्या शतकात ‘स्पेनच्या तुरुंगातला श्रीमंत कैदी’ याच नमुन्याची पत्रं टपालाने पाठवत असे. पण ईमेलच्या जमान्यात ठप्पा बसला तो नायजेरियावर. तिथल्या फसवणुकीच्या कायद्याचं ४१९ हे कलमसुद्धा जगभर चेष्टेचा विषय झालं.

यातली खरी मेख मला बाबांकडून कळली. मायक्रोसॉफ्टमधल्या कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २०१२ साली एक साधा प्रश्न विचारला होता. ‘नायजेरियाचा राजपुत्र’ म्हटल्यावर शहाणा माणूस हसतो, मग भामटे तेच का लिहितात? त्याचं उत्तर असं, की शहाण्यांनी हसून पत्र फेकून द्यावं हीच भामट्यांची इच्छा असते. हजारोंना पत्र पाठवायला खर्च नाही, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलत बसायला वेळ लागतो. हसणारे आपोआप गळतात आणि जाळ्यात येणारेच तेवढे उरतात. म्हणजे आपण ज्या विनोदावर हसलो, त्यानेच भामट्याला चाळणी करून दिली.

आणि नायजेरियाच्या सामान्य माणसाला काय मिळालं? त्याचं उत्तर गोव्यातच आहे. दक्षिण गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर धेंपोचा रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली गोल करत होते, तेव्हा हजारो गोंयकार त्यांच्या नावाने ओरडत होते. दोघेही नायजेरियन. पुढे ऑक्टोबर २०१३ च्या शेवटी उत्तर गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, मारामारी झाली, वातावरण तापलं. खून कुणी केला, रस्ता कुणी अडवला, हे प्रश्न पोलिसांचे होते. पण बोलण्याचा सूर बघता बघता ‘हे लोकच तसे’ असा झाला. राज्याच्या एका मंत्र्यानेही नायजेरियनांची तुलना कॅन्सरशी केली. मैदानावर ज्यांना नाव होतं, त्यांच्या देशबांधवांना रस्त्यावर नुसता देश उरला.

बाब हे ऐकून म्हणाले, “आमच्याकडेही झालंय.” इस्रायलमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत विनोदी चित्रपटांची एक लाटच आली होती. अरब देशांतून आलेले ज्यू अडाणी, आळशी, बेरकी, आणि युरोपातून आलेले ज्यू रुक्ष, तोऱ्यातले, हा ठरलेला साचा. १९६४ सालचा एफ्राइम किशोनचा ‘सल्लाह शबाती’ त्यातला गाजलेला चित्रपट. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. बाबांचं घराणं मोरोक्कोचं. “मला तो चित्रपट आवडतो,” ते म्हणाले. “पण शाळेत मला दोन वर्षं सल्लाह म्हणत होते, ते नाही आवडलं.”

मला तेव्हा आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायल आठवले. ‘शनिवार तेली’ म्हणून आपण त्यांना ओळखतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला. त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ साली तो बदलून घेतला. पडद्यावर नवख्या मंडळींना हसण्याचं तेच वर्ष. पडद्यावरचं हसणं आणि कचेरीतली चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी खऱ्या, पण दोन्हीकडे माणसाच्या आधी त्याची जमात पाहिली जाते.

मग देशांवर, प्रांतांवर विनोद करूच नयेत का? असं म्हणणारी मी नव्हे. कायद्याच्याही हातात ते फारसं नाही. सरदारजींवरच्या विनोदांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, पण लोकांनी कसं वागावं याचे नियम आपण घालू शकत नाही, असं न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. शिवाय हसण्याची सवय मोडली तर आपल्या घरांतलं निम्मं बोलणं बंद पडेल!

आपल्या सीमाभागातल्या घरांना हा विषय नवा नाही. पुण्याच्या पाहुण्याला आपली मराठी ऐकून हसू येतं आणि धारवाडच्या सोयऱ्यांना आपलं कानडी ऐकून. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं. मग टेबल ‘तो’ की ‘ते’, खुर्ची ‘ती’ का, हा घोळ होणारच. माझी सून हुबळीची. ती पहिल्या वर्षी ‘भाकरी झाला’ म्हणायची आणि आम्ही सगळे, तीसुद्धा, पोट धरून हसायचो. पण एका लग्नात कुणी तिच्या माहेरच्या बोलण्याला ‘यंडूगुंडू’ म्हणालं, तेव्हा ती ताटावरून उठली. दोन्ही वेळी थट्टा भाषेचीच होती. पहिली तिच्या भाकरीची होती, दुसरी कुणाच्याही तोंडावर मारता आली असती.

पु. ल. देशपांडे बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. त्यांनी ‘गणगोत’मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचं चित्र काढलं, त्यात कानडी वळणाची मराठी आहे, लिंगांची उलथापालथ आहे, शिव्यासुद्धा आहेत. तरी बेळगावचा कानडी माणूस तो लेख ऐकून रागावत नाही. कारण ते रावसाहेब आहेत, ‘एक कानडी माणूस’ नव्हेत. १९८० साली आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून मालवणी बोली घरोघरी नेली, तीही मालवणी माणसाने मालवणी माणसावर हसून. त्या हसण्याला घरचा पत्ता होता.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. आता पाळी आपली आली आहे. नायजेरियाच्या राजपुत्राच्या जागी जगाच्या विनोदात भारतीय उच्चारात बोलणारा फोनवरचा भामटा येऊन बसलाय. ‘तुमचा संगणक बिघडलाय’ म्हणणारा. देशातल्या देशात तेच झारखंडच्या जामताड्याचं झालं. २०२० साली त्या नावाची मालिका आली आणि तिथला शाळामास्तरसुद्धा गावाचं नाव सांगताना चाचरावा अशी वेळ आली. परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांना त्यांचा उच्चार ऐकून कुणी ‘बँकेचा नंबर मागू नकोस हं’ म्हणालं, तर त्यांना जे वाटेल, तेच तेव्हा गोव्यातल्या त्या नायजेरियन मुलांना वाटलं असणार.

आणि भामटे तर खरेच आहेत. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना व्हिडिओ कॉलवर दिवसदिवस बसवून ठेवतात. अशी अटक आपल्या कायद्यातच नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये सांगितलं. असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. एवढं पाठ करून ठेवलंत तर भामटा कुठल्या देशाचा, कुठल्या जातीचा, हे ओळखायची गरजच पडत नाही.

जंक मेल गाळायला आता यंत्र आहे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणाऱ्या विनोदांना ते नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं. मी एक साधी युक्ती करते. विनोदात जिथे देशाचं किंवा जातीचं नाव असेल, तिथे ओळखीच्या एखाद्या माणसाचं नाव घालून बघते. ‘नायजेरियन’च्या जागी रँटी, ‘इस्रायली’च्या जागी केरीचे बाब, ‘कानडी’च्या जागी सून. तरीही हसू आलं, आणि त्या माणसासमोर तो सांगायला जीभ अडखळली नाही, तर खुशाल पुढे पाठवते. सूनही त्याच ग्रुपवर आहे. बरेचसे विनोद माझ्या मोबाईलमध्येच राहतात. जे पुढे जातात, त्यांना हशा मात्र मनापासून मिळतो.