नवे यंत्र आले. खेळायला नवे कोण आले?

व्हिडिओ गेमचे कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या खरोखर काही नवे घडवतात का? या प्रश्नाची दोन ठाम उत्तरे नेहमी ऐकू येतात. कंपन्या म्हणतात, आमचे प्रत्येक नवे यंत्र म्हणजे क्रांती. टीकाकार म्हणतात, यांनी स्वतःचे असे काहीच शोधले नाही. दुसऱ्यांचे सुटे भाग एका डब्यात बसवले आणि वर आपले नाव छापले. माझे म्हणणे असे की दोन्ही पक्षांची मोजपट्टीच चुकली आहे. योग्य मोजपट्टीसाठी निन्टेंडोचे क्योतो किंवा मायक्रोसॉफ्टचे रेडमंड गाठायची गरज नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या दोन लहान शाळांनी ती केव्हाच घालून दिली आहे.

आधी टीकाकारांचा पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो लेचापेचा नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये सोनीचा प्लेस्टेशन 4 आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन आठवडाभराच्या अंतराने बाजारात आले. दोन्हींच्या पोटात एएमडी या एकाच कंपनीची, एकाच घराण्यातली चिप होती. 2020 साली दोघांची पुढची यंत्रे आली, तेव्हाही चिप एएमडीचीच. निन्टेंडोच्या 2017 सालच्या स्विचमधली टेग्रा चिप एनव्हिडियाची, आणि तीही एनव्हिडियाने आधी स्वतःच्या यंत्रात वापरलेली. अंगाच्या हालचाली टिपणारा कायनेक्ट मायक्रोसॉफ्टने 2010 साली आणला; त्यामागचे मूळ तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचे. निन्टेंडोच्या वी या यंत्राचा रिमोट हातातली हालचाल ओळखतो, पण त्या जातीचे सेन्सर मोटारींच्या एअरबॅगमध्ये कितीतरी आधीपासून होते. कॅसेट बदलली की खेळ बदलतो, या सोयीचे श्रेय लोक अटारीला देतात; ती त्याआधी, 1976 साली, फेअरचाइल्डच्या यंत्रात आली होती आणि ते काम जेरी लॉसन या अभियंत्याच्या देखरेखीखाली झाले होते.

ही सगळी यादी खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे.

सुटे भाग कुणाचे एवढ्यावरच नवेपणा ठरणार असेल, तर शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेलाही शून्य गुण द्यावे लागतील. तिथले संगणक आणि टॅब पाड्यावर तयार झाले नव्हते. त्यातला एकही शोध तिथल्या शिक्षकाचा नव्हता. तरीही संदीप गुंड या शिक्षकाने गावकऱ्यांना सोबत घेऊन ही शाळा डिजिटल केली आणि राज्यभरातल्या शाळांनी तिचा कित्ता गिरवला. शहरातल्या पोरांपुरती असलेली साधने पाड्यावरच्या पोरांच्या बोटांखाली आली, हे तिथे नवे घडले.

मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याचे उदाहरण त्याहून लख्ख आहे. 8 मार्च 2016 रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकाराने तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. पाटी जुनी, बाराखडी जुनी, फळाही जुनाच. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन पाटीसमोर बसलेली साठी ओलांडलेली विद्यार्थिनी तेवढी नवी. जन्मभर जिला शाळेचे दार बंद होते, ती आत आली. या घटनेची दखल देशाबाहेरही घेतली गेली. यात तंत्रज्ञान कुठे आहे, असे कुणी विचारले नाही. तसे विचारण्याची गरजही नव्हती.

हीच माझी मोजपट्टी. आजवर बाहेर राहिलेला माणूस आत आला का? आला असेल तर नवे घडले, मग भाग कितीही जुने असोत. आला नसेल तर घडले नाही, मग चिप कितीही वेगवान असो.

या मोजपट्टीवर कन्सोलचा इतिहास तपासा. जर्मनीतून किशोरवयात अमेरिकेत आलेला राल्फ बेअर हा अभियंता संरक्षण क्षेत्रातल्या एका कंपनीत काम करत होता. घरोघरचा दूरचित्रवाणी संच नुसता बघायचाच का, हा त्याचा प्रश्न. त्यातून 1972 साली मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हा पहिला घरगुती कन्सोल बाजारात आला. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते. मैदान दिसावे म्हणून पडद्यावर रंगीत प्लास्टिकचे पारदर्शक कागद चिकटवायचे. यंत्राला स्वतःहून खेळता येत नव्हते, म्हणून टेबल टेनिसला दोन माणसे लागत. आज ते यंत्र बाळबोध वाटेल. पण नुसते बघणारे कुटुंब त्याने खेळायला बसवले, आणि तेही एकमेकांसोबत. शोध म्हणतात तो हाच.

दुसरे नाव निन्टेंडोच्या गुनपेई योकोईचे. जुने झालेले, म्हणून स्वस्त आणि भरवशाचे झालेले तंत्र उचलायचे आणि ते भलत्याच कामाला लावायचे, हे त्याचे तत्त्व. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या स्पर्धेत छोटे एलसीडी पडदे स्वस्त झाले होते. 1980 साली त्याने त्यांतून गेम अँड वॉच हे खिशात मावणारे खेळ बनवले. 1982 साली अशाच एका खेळावर त्याने अंगठ्याने चारही दिशा दाबता येतील असे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण बसवले. त्याचे वंशज आजही जवळजवळ प्रत्येक कंट्रोलरवर आहेत. 1989 साली त्याच्या गटाचा गेम बॉय आला: हिरवट पडदा, रंग नाहीत, पडद्यामागे दिवा नाही.

इथे कंपन्यांचा पक्ष खंडनाला घेतो. त्यांच्या जाहिराती ताकदीवर चालतात: टेराफ्लॉप्स, फोर-के, सेकंदाला किती चित्रे. गेम बॉयसमोर अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर हे दोन रंगीत, देखणे आणि कितीतरी ताकदवान प्रतिस्पर्धी उभे होते. गेम गिअर सहा पेन्सिल सेल खायचा आणि काही तासांत मान टाकायचा. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट अधिक चालायचा. जिंकला गेम बॉय. पुढच्या रंगीत आवृत्तीसह तो 11 कोटींहून अधिक विकला गेला. विजेचा भरवसा नसलेल्या गावात राहणाऱ्याला या विजयाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. रंग कमी चालतील, पण खेळ अर्ध्यावर तुटता कामा नये.

2006 साली हेच पुन्हा घडले. सोनीचा प्लेस्टेशन 3 आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स 360 यांच्यापुढे निन्टेंडोचा वी ताकदीत फारच तोकडा होता. त्याचा प्रोसेसर निन्टेंडोच्याच मागच्या यंत्रातल्या प्रोसेसरची सुधारित आवृत्ती. पण रिमोट हातात धरून बॅटसारखा फिरवायचा, एवढे कळले की खेळता येत होते. ज्यांना डझनभर बटणांची भीती वाटत होती ते आजी-आजोबा खेळू लागले. परदेशांत वृद्धाश्रमांतून वीवरच्या बोलिंगच्या स्पर्धा रंगल्या. वी 10 कोटींवर गेला. दोन्ही बलवान प्रतिस्पर्धी प्रत्येकी 9 कोटींच्या आतच राहिले.

कुणी म्हणेल, मग काहीही वेगळे केले की ते नवे का? नाही. 1995 साली त्याच योकोईचा व्हर्च्युअल बॉय आला. डोळ्यांना लावायचे, लाल रेषांतून खोली दाखवणारे असे यंत्र आधी कुणी पाहिले नव्हते. डोळे दुखले, सोबत बसलेल्याला काही दिसेना, आणि वर्षभरात ते गुंडाळावे लागले. निव्वळ वेगळेपणाने कुणीही नवा माणूस खेळात आला नाही. आपली मोजपट्टी त्याच्या कर्त्यालाही सूट देत नाही.

कंपन्यांना याहून अवघड प्रश्न विचारायला हवा: तुम्ही दारे किती उघडलीत आणि कुलपे किती लावलीत? 1985 साली अमेरिकेत आलेल्या निन्टेंडोच्या यंत्रात एक खास चिप होती. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट ती चालू देत नसे. 1983 साली निकृष्ट खेळांच्या पुराने अमेरिकेचा बाजार बुडाला होता, म्हणून हे करावे लागले, हा बचाव काही अंशी मान्य. पण त्याच यंत्राच्या जपानी रूपात, फॅमिकॉममध्ये, ही चिप नव्हती. त्याच्या नकला आशियाभर निघाल्या, आणि 1990च्या दशकात आपल्याकडच्या घरांत मारिओ आणि काँट्रा पोचले ते मुख्यतः या नकली यंत्रांतून. नक्कल करणाऱ्यांची मी भलामण करत नाही. पण आपल्या तालुक्यांसारख्या ठिकाणी परवडेल असे यंत्र मूळ कंपनीने आणले नाही, हे तिच्या खात्यावर मांडावेच लागेल.

आता उलट बाजू पाहा. 2007 साली जॉनी ली या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिले की वीच्या रिमोटमधला इन्फ्रारेड कॅमेरा, प्रोजेक्टर आणि इन्फ्रारेड दिव्याचे पेन एवढ्यावर शाळेसाठी स्वस्त डिजिटल फळा तयार होतो. कायनेक्टचेही तसेच झाले. बाहेरच्या लोकांनी काही दिवसांत तो संगणकाला जोडला, मायक्रोसॉफ्टने आधी नाराजी दाखवली, आणि 2011 साली स्वतःच संशोधकांना साधने खुली केली. कंपनीने जे यंत्र खेळण्यासाठी विकले त्याचा शाळेने, दवाखान्याने, प्रयोगशाळेने वेगळाच उपयोग केला. जे यंत्र दुसऱ्याच्या बुद्धीला आत येऊ देते, तेच खऱ्या अर्थाने नवे. 2018 सालचा एक्सबॉक्सचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर याच कारणाने मला टेराफ्लॉप्सच्या साऱ्या घोषणांपेक्षा मोठा वाटतो. त्याच्या पाठीवर ओळीने जोडण्या आहेत; ज्याचा हात चालत नाही त्याने पायाचे, डोक्याचे, कोपराचे बटण जोडावे आणि खेळावे.

शेवटचा आक्षेप घरचाच आहे, आणि तो सर्वांत जास्त टोचतो. भातसा आणि तानसा धरणे शहापूर तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या गावपाड्यांना टँकर. अशा मुलखात व्हिडिओ गेमची चर्चा म्हणजे चैन, असे काही जण म्हणतात. मी हे साफ नाकारतो. पाण्याच्या हक्कासाठी भांडायलाच हवे, पण पाणी मिळेपर्यंत पोरांनी खेळाचा हक्क सोडावा हे कुठले न्यायशास्त्र? शिवाय खेळ आधीच गावात पोचला आहे, मोबाइलवरून. एका पोराला एक पडदा, आणि पदोपदी पैसे भरायला लावणारी दुकाने. दोन कंट्रोलर जोडून शेजारी बसून खेळायची कन्सोलची रीत त्याहून कितीतरी माणसाळलेली आहे. तीच रीत आपल्यापर्यंत येत नाही, ही तक्रार आहे.

आणि आपली माणसे या क्षेत्रात कमी पडतात असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा खेळ 2020 साली सर्वप्रथम निन्टेंडोच्या स्विचवर आला. ज्या यंत्रावर पुण्याचा खेळ जगाने पाहिला, ते यंत्र तेव्हा निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतही नव्हती. आमची कला त्यांना चालते, मग आमचे खेळाडू का चालत नाहीत?

म्हणून माझा निवाडा असा. कन्सोल बनवणारे नवनिर्माते आहेत, पण दर पिढीला नाहीत आणि आपोआप तर मुळीच नाहीत. 1972, 1989, 2006 आणि 2018 या सालांचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने द्यावे. 2013 आणि 2020 साली ताकद वाढली; त्याला सुधारणा म्हणावे, क्रांती म्हणू नये. आणि पुढच्या यंत्राकडून ठणकावून मागावे: इंटरनेट नसतानाही पूर्ण चालू दे, वीज गेली तरी तग धरू दे, मराठीत बोलू दे, शिक्षकाला आतले तंत्र हाताळू दे, आणि एका संचावर दोन भावंडांना सोबत खेळू दे. यातल्या एकाही मागणीसाठी नव्या चिपची गरज नाही. पाष्टेपाड्याने आणि फांगण्याने जे मोजक्या साधनांत करून दाखवले, ते अब्जावधींची उलाढाल करणाऱ्यांना अशक्य आहे असे मी मानणार नाही, आणि वाचकांनीही मानू नये.