घडीतला मलमलचा तुकडा

माझ्या मावसबहिणीच्या कपाटात जुन्या मलमलच्या साडीचे वीतभर रुंदीचे तुकडे नीट घडी घालून ठेवलेले असतात. रोज अंघोळ झाली की ती पोटाची लोंबणारी घडी एका हाताने उचलते, खालची जागा टिपून कोरडी करते, बुरशीवरची पावडर लावते आणि त्या घडीत एक तुकडा सरकवते. शाळेत मधल्या सुट्टीत तो बदलावा लागतो. ठाण्याच्या मे महिन्यात दोनदा. राहून गेलं तर संध्याकाळपर्यंत तिथली कातडी लाल होऊन चिरते, वास यायला लागतो. हे सगळं सांगण्याआधी ताईने उठून खोलीचं दार लावून घेतलं होतं.

ताई बावन्न वर्षांची आहे, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनवर सव्वा वर्षात तिचं वजन अठ्ठ्याण्णव किलोवरून शहात्तरवर आलं. साखर आटोक्यात आली, डायबेटिसची एक गोळी सुटली. शाळेचे दोन मजले ती आता न थांबता चढते. त्या औषधाबद्दल तिची काडीचीही तक्रार नाही, आणि माझीही नाही. तक्रार वेगळी आहे. बावीस किलो गेल्यावर त्या बावीस किलोंना सामावून घेणाऱ्या कातडीचं काय होणार, हे सव्वा वर्षात तिला कुणीही सांगितलं नाही.

ही औषधं आता आपल्याकडे घरोघरी पोचू लागली आहेत. टिर्झेपटाइड, म्हणजे 'मौंजारो', मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. जूनमध्ये सेमाग्लूटाइडचं 'वेगोवी' आलं. सेमाग्लूटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. त्यानंतर देशी कंपन्यांना वाट मोकळी. चाचण्यांतले आकडेही लहान नाहीत. सेमाग्लूटाइडवर अडुसष्ट आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, तर टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसवर बहात्तर आठवड्यांत जवळपास २१ टक्के. शंभर किलोच्या माणसाचे वीस किलो जाणं ही पूर्वी बेरिआट्रिक शस्त्रक्रियेनंतरचीच गोष्ट होती. त्या रुग्णांना सैल कातडीची कल्पना आधीपासून दिली जायची, कारण तिथे सर्जनशी गाठ पडलेलीच असायची. इंजेक्शन मात्र फिजिशियनच्या चिठ्ठीवर मिळतं, आणि कातडीचा विषय त्या टेबलावर निघतच नाही.

कातडी रबरासारखी असते असं आपण समजतो. काही प्रमाणात ती असतेही. तिच्यातले कोलॅजेन आणि इलास्टिनचे तंतू तिला ताणू देतात आणि परत ओढूनही घेतात. पण पंधरा-वीस वर्षं ताणून राहिलेल्या कातडीतले हे तंतू तुटलेले, विरलेले असतात. वय वाढलेलं, उन्हात फिरणं झालेलं, त्यात तंबाखू-सिगारेट असेल तर आणखीच. आतली चरबी गेली तरी वरचं आवरण तेवढंच राहतं. पोट, दंड, मांड्या आणि स्तन या जागा सगळ्यांत आधी सैल पडतात. व्यायामाने खालचे स्नायू भरतात आणि ते फार मोलाचं आहे, कारण घटलेल्या वजनात पाव हिस्सा, काही अभ्यासांत तर चाळीस टक्क्यांपर्यंत भाग चरबीचा नसतोच. पण लोंबणारी घडी व्यायामाने वर जात नाही. कुठलंही क्रीम ती ओढून घेत नाही. रेडिओफ्रीक्वेन्सी आणि अल्ट्रासाउंडची यंत्रं थोडा ढिलेपणा थोडा कमी करतात. ताईच्या पोटावर त्यांचा काही उपयोग नव्हता. तरीही एका क्लिनिकने तिला 'टायटनिंग'च्या आठ सीटिंगचं पॅकेज विकलं. तिने पैसे हप्त्याने भरले आणि आठही सीटिंग पूर्ण केल्या. मलमलचे तुकडे अजून कपाटात आहेत. आतून लाज वाटणाऱ्या बाईला असं पॅकेज विकणं ही फसवणूकच आहे.

चेहऱ्याची गोष्ट जरा निराळी. न्यूयॉर्कचे त्वचातज्ज्ञ पॉल जॅरॉड फ्रँक यांच्यामुळे 'ओझेम्पिक फेस' हा शब्द प्रचारात आला; ओझेम्पिक म्हणजेही सेमाग्लूटाइडच. आपल्याकडे त्याला जुनाच शब्द आहे: चेहरा उतरला. गाल बसतात, कानशिलं खोल जातात, जबड्याखाली कातडी लोंबते. हा औषधाचा वेगळा दोष नव्हे. भराभर उतरलेल्या कुठल्याही वजनात हे होतं, कारण चेहऱ्याला गोलाई देणाऱ्या चरबीच्या गाद्याही रिकाम्या होतात. गेल्या लग्नसराईत एका आत्याने ताईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना गं?" बारीक झालेलं माणूस आजारीच असणार, असं आपल्याकडे धरलेलंच असतं. वर्षभर मन मारून मिळवलेल्या गोष्टीवर असा प्रश्न आला की माणूस आरशासमोर उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी फिलरची चौकशी करतो.

इथे मला कळकळीने एकच सांगायचंय: वजन आधी थांबू द्या. हायल्युरॉनिक ॲसिडच्या फिलरने बसलेले गाल भरता येतात, पण तो काही महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात विरतो. उतरत्या वजनाच्या चेहऱ्यात आज भरलेली जागा तीन महिन्यांनी वेगळीच दिसते. इंजेक्शन बंद केल्यावर काय होतं हेही तपासलं गेलंय. सेमाग्लूटाइड थांबवून वर्ष झालं तेव्हा घटलेल्या वजनातलं सुमारे दोन-तृतीयांश परत आलेलं होतं. म्हणून जाणते प्लास्टिक सर्जन वजन निदान तीन ते सहा महिने एका जागी टिकल्याशिवाय चाकूला हात लावत नाहीत. कुणी पहिल्याच भेटीत तारीख देत असेल, तर तिथून उठून यावं.

आणि शस्त्रक्रिया ही शस्त्रक्रियाच असते. पोटाची जास्तीची कातडी काढायची तर कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद जातो, पूर्ण भूल लागते, नळ्या लावतात. जखमेखाली पाणी साठू शकतं, कडा उशिरा जुळतात, पायात गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी चालवतात. व्रण कायमचा राहतो. या रुग्णांत आणखी दोन गोष्टी असतात. एक, भूकच मेलेली असते. ताई रात्री अर्धी भाकरी आणि दोन चमचे वरण खाऊन उठायची. जखम भरायला प्रथिनं लागतात, लोह लागतं, बी-१२ लागतं. रक्त तपासून आधी ही तूट भरून काढावी लागते. डाळ, उसळ, दही, पनीर, चालत असतील तर अंडी, हे ताटात आधी यायला हवं. दुसरी गोष्ट म्हणजे ही औषधं जठर रिकामं व्हायला वेळ लावतात. उपाशीपोटी आलेल्या रुग्णाच्या पोटातही अन्न असू शकतं आणि भुलेत ते फुप्फुसात जाऊ शकतं. जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवडी इंजेक्शन शस्त्रक्रियेआधी एक आठवडा थांबवण्याचा सल्ला दिला. २०२४ मध्ये रुग्ण पाहून ठरवा, असं सांगितलं गेलं. लपवाछपवी मात्र जिवावर बेतू शकते. 'वजनाचं इंजेक्शन घेते' हे सांगायला लाजू नका.

आता पैशांचं. विमा नियामकाच्या ठरवून दिलेल्या शब्दांनुसार कॉस्मेटिक वा प्लास्टिक सर्जरी पॉलिसीबाहेर असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा 'थेट आणि तातडीचा' धोका टाळण्यासाठीचे उपचार एवढाच अपवाद. घडीतल्या बुरशीने माणूस मरत नाही. म्हणून ती कातडी काढणं तातडीचं ठरत नाही. ही रेघ मला मान्य नाही. वारंवार चिरणारी, चिघळणारी, चालताना घासणारी कातडी काढणं आणि लग्नाआधी नाक सरळ करून घेणं यांना एकाच खान्यात टाकता येत नाही. त्वचारोगतज्ज्ञाने महिनोन्महिने नोंदवलेली जखम असेल, तर ती कातडी काढण्याचा खर्च विम्याने उचलायला हवा.

प्लास्टिक सर्जरी म्हणजे नटण्यामुरडण्याचं काम, हा समज पुण्याच्या भूमीवर तरी टिकू नये. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैलगाडीवाला टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका कारागिराने पुण्याजवळ त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत छापून आली आणि युरोपातल्या सर्जननी ती रीत उचलली. श्वास तर कावसजी नाकाशिवायही घेत होता. त्याला चारचौघांत तोंड वर करून फिरायचं होतं, आणि त्या कारागिराला तेवढं कारण पुरलं.

ताईचं वजन चार महिने शहात्तरवर टिकून आहे. दर रविवारी ती कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहिते. प्लास्टिक सर्जनशी दुसरी भेट पुढच्या पंधरवड्यात आहे, मी सोबत जाणार आहे. विचारायचे प्रश्न तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर क्रमांक घालून लिहिलेत. रजा किती लागेल. इंजेक्शन कधी थांबवायचं. पोट आणि दंड एकदम करता येतात का. नववा प्रश्न दंडाचाच आहे. गेल्या वर्षी फळ्यावर लिहिताना दंडाची कातडी हलायची म्हणून मागच्या बाकावरची मुलं हसली होती. तेव्हापासून उन्हाळ्यातही तिच्या ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत असतात. दंडाची कातडी काढली की काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने व्रण राहतो, हे तिने वाचलंय. तिला विचारायचंय, हात वर करून लिहिताना तो वर्गाला दिसेल का.