दोन इंच बर्फाचा हिशेब

थंड प्रदेशांतील माणसांना उष्ण प्रदेशांत पडलेल्या बर्फाचे नेहमीच हसू येते. अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनिआपोलिससारख्या शहरात दोन-अडीच इंच बर्फ पडला, तर शाळेची घंटा पाच मिनिटेही पुढे ढकलली जात नाही. मात्र २८ जानेवारी २०१४ रोजी, मंगळवारी, दक्षिणेतील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा येथे तेवढाच बर्फ पडला आणि सुमारे ५५ लाख वस्तीचा तो महानगर-प्रदेश जागच्या जागी थिजला. अर्ध्या तासाच्या वाटेला कोणाला दहा तास लागले, तर कोणाला अठरा. कित्येकांनी महामार्गावर मोटारी सोडून दिल्या आणि ते पायी निघाले. हजारो मुलांनी ती रात्र शाळेत काढली. काही तर शाळेच्या बसमध्येच अडकली आणि त्यांच्या सुटकेसाठी नॅशनल गार्डचे जवान पाठवावे लागले. लोक दुकानांच्या फरशीवर झोपले. एका स्त्रीची प्रसूती महामार्गावर मोटारीतच झाली. गस्ती पोलिसांकडे हजाराहून अधिक अपघातांची नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी सर्वत्र थट्टा झाली. बर्फ सारणारी पुरेशी यंत्रे नाहीत, मिठाचे साठे नाहीत, लोकांना गाडी चालवता येत नाही, असे निदान झाले आणि यंत्रे विकत घ्या, असा उपायही सुचवला गेला. हे निदान वरवरचे आणि उपाय महागडा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संकट क्वचित येणाऱ्या समाजाने त्यासाठी किती खर्च करावा, हा अर्थशास्त्राचा जुना प्रश्न आहे, आणि अटलांटाच्या त्या दुपारी त्याचे उत्तर फार स्पष्टपणे मिळाले आहे.

काटकसर चुकीची नव्हती

अटलांटात संपूर्ण हिवाळ्यात सरासरी दोन ते अडीच इंच बर्फ पडतो. मिनिआपोलिसमध्ये पन्नास इंचांहून अधिक. बर्फ सारणाऱ्या यंत्राची किंमत दोन्हीकडे साधारण सारखीच. पण उत्तरेत ते हिवाळाभर राबते आणि दक्षिणेत वर्षातून एखाद-दुसरा दिवस. काही वर्षी तर मुळीच नाही. त्याला जागा लागते, देखभाल लागते, ते चालवण्यात मुरलेली माणसे लागतात. हा सारा स्थिर खर्च वापराच्या दिवसांनी भागला, म्हणजे दक्षिणेतील एका दिवसाचा बर्फ उत्तरेपेक्षा कितीतरी पट महाग पडतो, हे ध्यानात येते. तो पैसा शाळांवर किंवा दवाखान्यांवर खर्च करणाऱ्या नगरपालिकेला कोणी अदूरदर्शी म्हणू नये. वर्षातून एका दिवसासाठी बर्फाचे खास टायर न घेणारा नागरिकही मूर्ख नव्हे.

शिवाय थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका, हा समजही खरा नाही. कडाक्याच्या थंडीतील बर्फ कोरडा व खरखरीत असतो. गोठणबिंदूच्या आसपासचा बर्फ मात्र चाकांखाली वितळतो आणि पारा घसरताच पुन्हा गोठतो. मग रस्त्यावर काचेसारखा पातळ थर तयार होतो. त्यातून खालचे डांबर दिसत राहते आणि रस्ता नुसता ओला आहे, असे चालकाला वाटते. पुलांना खालूनही वारा लागत असल्याने ते सर्वांत आधी गोठतात. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे हिमवृष्टी नव्हतीच. गोठणाऱ्या पावसाची भुरभुर तेवढी झाली होती. तरी तेथील महामार्गाच्या उंचावरील भागात सकाळी १३० हून अधिक वाहने एकमेकांवर आदळली आणि ६ जण मृत्युमुखी पडले. मिठाचे द्रावण आगाऊ फवारले तर थर धरण्याला अटकाव होतो. पण बर्फाआधी पाऊस आला, की तेही वाहून जाते. सारांश, यंत्रे आणि मीठ यांच्या बळावर उष्ण प्रदेश पूर्ण निर्धास्त होऊ शकत नाही.

यंत्रे होती, वाट नव्हती

मग त्या मंगळवारी चुकले कोठे? जानेवारी २०११ मध्येही अटलांटा बर्फाने असेच बंद पडले होते आणि त्यानंतर शहराने यंत्रसामग्री वाढवलीही होती. परंतु २०१४ साली मिठाच्या आणि वाळूच्या गाड्या मोटारींच्या त्याच गर्दीत अडकून पडल्या. बर्फ पडू लागल्याचे दिसताच दुपारच्या सुमारास शाळा, सरकारी कचेऱ्या आणि खासगी आस्थापना एकदमच सुटल्या. एरवी तीन-चार तासांत विभागली जाणारी गर्दी तासाभरात रस्त्यावर लोटली. गर्दीमुळे वाहने थांबली, थांबलेल्या चाकांखाली बर्फ गोठला आणि गोठलेल्या रस्त्यावर पुढचे वाहन घसरून आडवे झाले. यंत्रांना वाटच उरली नाही.

प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा होता. मूल शाळेत आहे, बर्फ वाढतो आहे, लवकर निघावे. पण प्रत्येक निघणारा दुसऱ्याची वाट थोडी अधिक अडवत होता, आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागत नव्हती. बाह्यपरिणाम ही संकल्पना शिकवताना कारखान्याच्या धुराचे उदाहरण देण्याची आम्हा प्राध्यापकांची सवय आहे. यापुढे अटलांटाच्या त्या दुपारचे उदाहरण द्यायला हरकत नाही. सर्वांचे वैयक्तिक शहाणपण एकत्र आले, की सार्वजनिक शहाणपण होतेच असे नाही. ते कोणीतरी घडवावे लागते, आणि शासन नावाची संस्था याचसाठी असते.

ते काम वेळेवर झाले नाही. राष्ट्रीय हवामान सेवेने त्या दिवशी पहाटे चारच्या आतच हिमवादळाचा इशारा दिला होता. पण शहराचे रस्ते महापौरांच्या अखत्यारीत, महामार्ग राज्याच्या, शाळा त्यांच्या स्वतंत्र मंडळांच्या, आणि महानगर अनेक कौंटींत व असंख्य लहान नगरांत वाटलेले. जो तो दुसऱ्याकडे पाहत राहिला. त्यात सत्ताधाऱ्यांची एक स्वाभाविक भीतीही असते. बंदी जाहीर केली आणि बर्फ पडलाच नाही, तर वाया गेलेल्या दिवसाचा जाब आजच द्यावा लागतो; न केलेल्या बंदीचा जाब मात्र संकट आले तरच. म्हणून वाट पाहण्याकडे कल झुकतो. गव्हर्नर नेथन डील यांनी पुढे जाहीर माफी मागून जबाबदारी स्वीकारली आणि सर्वांना एकाच वेळी सोडणे ही चूक होती, हे महापौर कासिम रीड यांनी मान्य केले. तथापि हा धडा नवा नव्हता. १९ जानेवारी २००५ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील रॅले शहरात जेमतेम इंचभर बर्फाने हेच घडवले होते, आणि तेथेही मुलांना शाळांमध्येच रात्र काढावी लागली होती.

पंधरा दिवसांनंतर

अर्थशास्त्राला प्रयोगशाळा नसते, असे म्हणतात. अटलांटाला मात्र ती पंधरा दिवसांतच लाभली. फेब्रुवारी २०१४ च्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वादळ आले. यावेळी गव्हर्नरांनी वादळापूर्वीच, सोमवारी, आणीबाणी जाहीर केली. शाळा व कचेऱ्या आधीच बंद झाल्या आणि लोक घरी राहिले. बर्फाच्या भाराने झाडे व तारा तुटल्या, राज्यात लाखो घरांची वीज गेली. परंतु महामार्ग ओस होते, मिठाच्या गाड्यांना वाट मोकळी होती आणि मुले आपापल्या घरी होती. पंधरा दिवसांत शहराने यंत्रांचा ताफा काही उभा केला नव्हता. बदलली होती ती निर्णयाची वेळ. १० जानेवारी २०२५ रोजी तेथे पुन्हा सुमारे दोन इंच बर्फ पडला, तेव्हाही आदल्या दिवशीच सूचना निघाल्या आणि २०१४ ची पुनरावृत्ती टळली.

याचा अर्थ हा उपाय फुकटचा आहे, असा मात्र नव्हे. कचेरी बंद राहिली तरी पगारदाराचा पगार चालू राहतो आणि प्राध्यापकाचा तास पुढे ढकलता येतो. पण तासावर वेतन घेणाऱ्या उपाहारगृहातील नोकराची, सफाई करणाऱ्या बाईची त्या दिवसाची कमाई बुडते. शाळेतील जेवणावर ज्यांची दुपार भागते, त्या मुलांचे जेवण चुकते. यंत्रांवरचा खर्च वाचवून समाजाने जी बचत केली, तिची किंमत अशा घरांतून वसूल होत असेल, तर तिला काटकसर म्हणणे अवघड आहे. वर्षानुवर्षे वाचलेल्या पैशांतला काही हिस्सा बंदीच्या दिवसाच्या वेतनासाठी राखून ठेवणे, हाच या हिशेबाचा न्याय्य शेवट ठरेल.

आपल्या महाराष्ट्रात बर्फाचे भय नाही, परंतु या प्रश्नाची ओळख आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या प्रलयाची अडीच इंच बर्फाशी तुलना होऊ शकत नाही. तरीही मूल शाळेत, आई एका कचेरीत, वडील दुसऱ्या टोकाला आणि सारे एकाच वेळी घराकडे निघालेले, हे चित्र दोन्हीकडे एकच होते. आज अतिवृष्टीच्या इशाऱ्यावरून शाळांना आधीच सुटी जाहीर होते आणि एखाद्या दिवशी ऊन पडले, की आपणच प्रशासनाची टवाळी करतो. ती करण्यापूर्वी अटलांटातील शाळांच्या फरशीवर झोपलेली मुले आठवावीत. वाया गेलेली सुटी हा विम्याचा हप्ता आहे. घर जळले नाही, म्हणून विम्याचा हप्ता बुडाला, अशी तक्रार कोणताही समंजस गृहस्थ करीत नाही.